कॅसेटची पिशवी

फरवानियातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक पत्र्याचं कपाट होतं आणि त्या कपाटात मराठी मंडळाची कॅसेट लायब्ररी होती. नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये मराठी नाटक किंवा सिनेमा पाहायचा, तर आमच्याकडे येण्यावाचून फारसा इलाज नव्हता. सुट्टीवर गेलेला माणूस येताना दोन-तीन कॅसेटी आणायचा. विमानतळावर त्या तपासायला ठेवून घेत, मग कधीतरी हातात पडत. कपाट आमच्याच घरी का, तर सभेत आमच्या ह्यांनी उत्साहाने हात वर केला म्हणून. हात त्यांचा, राबणारी मी. ते सकाळी अर्दियाच्या गोदामावर निघून जायचे.

धुळीने टेप खराब होते म्हणून मी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, एका कॅसेटीला एक. पहिल्याच शुक्रवारी एक पिशवी परत आली ती कॅसेटीबरोबर चार बेसनाचे लाडू घेऊन. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण कॅसेटची पिशवीसुद्धा भांड्यातच जमा, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे ती रीतच पडली. कुणी कढीपत्ता आणी, कुणी चकल्या. एकट्या पुरुषांच्या खोल्यांमधून निदान मूठभर खजूर तरी येत. एकदा लाडवांचं तूप कॅसेटीत उतरलं आणि त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकातली नायिका कायमची थरथरत राहिली. मग मी सगळ्यांना दटावलं, की खाऊ वेगळ्या पुडीत बांधा. शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे बेल वाजायची थांबत नसे. चहा करून करून कंबर मोडली, अशी माझी कुरकुर दिवसभर चालायची. आज ती कंबर पुन्हा मोडावी असं वाटतं, अगदी मनापासून वाटतं.

सगळ्यात नेमाने येत ते सावंतवाडीकडचे एक सुतार. कंत्राटावर आलेले, आठ-दहा जणांच्या खोलीत राहणारे. मी त्यांना दादा म्हणायची आणि ते मला वयनी. दारातूनच सांगत, "वयनी, रिवाइंड करून हाडलंय हां." चपला बाहेर काढून सोफ्याच्या अगदी कडेला बसत, जणू सोफा दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलाय. खोलीतल्या सगळ्यांसाठी म्हणून एकच विनोदी नाटक ते पुन्हा पुन्हा नेत.

"अहो दादा, पाठ झालं असेल आता," मी चिडवायची.

"पाठ झाला म्हणानच मजा येता, वयनी."

डिश आली, सीडी आल्या. कपाटात कॅसेटींच्या शेजारी सीडी जाऊन बसल्या आणि पिशव्यांची ये-जा चालू राहिली. मग घरोघरी कम्प्युटरवर इंटरनेटने सिनेमे दिसायला लागले. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, त्यातला एखादा हमखास गायब. पण कुठे जायला नको आणि काही आणायला नको. मी लेकीला विचारलं, हा पाहून झाला की परत कुणाला द्यायचा? ती हसून म्हणाली, "आई, नोबडी गिव्ज इट बॅक." लोकांना कशाला नावं ठेवू, मीही तिच्या शेजारी बसून पाहायचीच. पण शुक्रवारी बेल वाजेनाशी झाली, आणि पाहुण्यांसाठी केलेला चिवडा आम्हीच आठवडाभर खात बसायचो.

शेवटी मंडळाने लायब्ररी बंद करायची ठरवली. सगळ्या कॅसेटी जमा झाल्या, एक सोडून. ते विनोदी नाटक सुतारदादांकडे होतं. सेक्रेटरी फोन करून विचारत, आली का ती? मी म्हणायची, येईल हो, घाई कसली. खरं तर ती येऊच नये असं मला वाटत होतं. ती बाहेर होती तोवर माझ्या दारी यायला एका माणसाला तरी कारण होतं.

ती आलीच. एका शुक्रवारी बेल वाजली आणि दारात दादा उभे. कंत्राट संपलं होतं, दोन दिवसांनी ते कायमचे गावी निघाले होते. खोलीतली माणसं आता लॅपटॉपवरच पाहत. जुना व्हीसीआर दादांनी शेवटचा चालवला तो ही कॅसेट रिवाइंड करायला. पिशवीत कोकमांची पुडी होती. मी चहा केला. त्या दिवशी ते पहिल्यांदाच सोफ्याला टेकून बसले. गावचं घर, पाऊस, मुलीचं कॉलेज, असं काहीबाही बोलणं झालं.

ते उठले तेव्हा मी पिशवी घेतली, तीच कॅसेट पुन्हा आत ठेवली, वर चिवड्याची पुडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"वयनी, ह्या काय? गावाक मशीन खय आसा?"

"नसू दे. पिशवी रिकामी कशी देऊ?"

"आनी परत कशी करतलंय?"

"सवडीने आणून द्या."

त्यांनी पिशवी काखेत धरली. "हाडून देतलंय," म्हणाले, आणि चपला घालून जिना उतरले.

काही वर्षांनी आम्हीही कुवेत सोडून पुण्याला आलो. लेकीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलंय. हवं ते नाटक बटण दाबलं की समोर हजर. तरी शुक्रवारी माझ्या हातून चहाच्या आधणात कपभर पाणी जास्तच पडतं. दादांकडे माझा इथला पत्ता नाही.