खालच्या कप्प्यातले डबे

तिला सगळी इमारत अंडीबाई म्हणायची. दर सोमवारी दोन्ही हातांत अंड्यांचे ट्रे सांभाळत ती प्रयोगशाळेकडे निघायची. घरी मात्र साधं आम्लेटही होत नसे. मग समोरच्या शेजारणीच्या पोटात दुखायला नको?

"एवढी अंडी जातात तरी कुठे हो?" ती सासूबाईंना जिन्यात गाठून विचारायची.

"सून त्यांच्यावर डॉक्टर होतेय," सासूबाई तोऱ्यात सांगायच्या. शेजारणीला वाटायचं, कोंबड्यांची डॉक्टर. तेही काही अगदीच चूक नव्हतं.

मुलं शाळेत रुळल्यावर, चाळिशीच्या तोंडावर तिने पीएचडीला नाव घातलं. विषय ऐकून नवऱ्याने खाली केलेला पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. सासूबाईंनी मात्र भाजी निवडता निवडता सगळा विषय समजून घेतला. कोंबडीचं पिलू अंड्यात आकार घेऊ लागलं, की त्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांना पेशींचे ठोकळे तयार होतात, जोडीजोडीने, डोक्याकडून शेपटीकडे. पंखाचे स्नायू पंखात जन्मत नाहीत. ते होतात या ठोकळ्यांतल्या काही पेशींपासून, आणि त्यांना पंखापर्यंत चालत जावं लागतं. पंखाचा कोवळा कोंब त्यांना बोलावणं धाडतो. ते ऐकायला कान देतं एक जनुक आणि वाट चुकू देत नाही दुसरं.

"म्हणजे घर सोडायची अक्कल वेगळी आणि पोचायची वेगळी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या दिराकडे नुसती पहिली होती."

अंडीबाईचं काम होतं त्या वाट दाखवणाऱ्या जनुकावर. अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडायची, जनुकाचं तोंड बंद करणारं औषध आत सोडायचं, खिडकीवर चिकटपट्टी लावायची आणि अंडं उबवणीच्या कपाटात ठेवून द्यायचं. औषधवाली अंडी खालच्या कप्प्यात, बिनऔषधाची वरच्या. गल्लत नको, एवढाच हेतू. मग पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, त्या मुक्कामी पोचल्या का.

वरच्या अंड्यांमध्ये पंखात पेशींची ही गर्दी. खालच्यांत शुकशुकाट, औषधालासुद्धा एक पेशी नाही! इतका लखलखीत निकाल पाहून तिचे सर हवेत तरंगू लागले. प्रबंध लिहून झाला, परीक्षकांची तारीख ठरली. सासूबाईंनी तर तारखेचीही वाट पाहिली नाही. सून डॉक्टर झाली, असं जिनाभर सांगून मोकळ्या झाल्या.

परीक्षेच्या आठवड्यात ती मोठ्या पडद्यावर दाखवायला एक चांगलं छायाचित्र शोधत होती. खालच्या कप्प्यातल्या एका पिलाचं चित्र तिने मोठं केलं आणि तिचा हात थांबला. पंखाचा कोंबच धड फुटला नव्हता. पाहुणे आले नाहीत म्हणून इकडे बोंब, आणि तिकडे घराचा पायाच खणलेला नाही!

पिलाचं वय घड्याळावर नाही, ठोकळ्यांच्या जोड्यांवर मोजायचं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. पुढे घाईगडबडीत घड्याळावरच भागवायला लागली. आता बसून तिने एकेक चित्रातले ठोकळे मोजले. खालची सगळीच पिलं वरच्यांपेक्षा लहान निघाली.

उठून तिने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात अंड्यांना खेटून, ऊब फिरवणाऱ्या पंख्याची जाळी पार झाकून, जेवणाचे डबे बसले होते. पहिला तिचाच. सासूबाईंची ताकीद होती, थंड डबा खायचा नाही. म्हणून एकदा तिने तो कपाटात सरकवला, दुपारी गरम निघाला. असली युक्ती लपते थोडीच? हळूहळू सगळा मजला डबे घेऊन आला. खालची ऊब डबे खात होते आणि अंडी गारठत होती.

तिने सरांना सगळं सांगितलं.

"डबे?" सर म्हणाले. "कोणाचे डबे?"

"सगळ्यांचे, सर. निळ्या झाकणाचा तुमचा."

सर चष्मा पुसू लागले. मग हळूच म्हणाले, "परीक्षकांना कळणार नाही, बाई."

"ठोकळे मोजले की कळेल, सर. मला तसंच कळलं."

सरांनी उसासा टाकून परीक्षा पुढे ढकलायला फोन उचलला. अंडीबाई मागच्या जिन्यात जाऊन पोटभर रडली, मग तोंड धुऊन घरी गेली.

दारातच सासूबाईंचा रोजचा प्रश्न. "गरम होता ना गं डबा?"

"थंडच खाल्ला, आई." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा हात कपाळावर गेला, तो खाली येईना.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने त्यांना बरोब्बर गाठलं. "काय हो, झाली म्हणाला होतात ना डॉक्टर?"

"झाली नाही, होईल," सासूबाई म्हणाल्या. "मध्ये माझा डबा आडवा आला." आणि शेजारीण तोंड उघडायच्या आत तरातरा जिना उतरून गेल्या.

वर्षभर अंडीबाईने सगळं पुन्हा केलं. दोन्ही कप्प्यांत अंडी मिसळून, ठोकळे मोजून, कपाटाला कुलूप घालून. निकाल निघाला तो आधीसारखा दिमाखदार नव्हता. औषधवाल्या पेशी घर सोडत होत्या. पण पंखाच्या वरच्या अंगाला जाणाऱ्या पेशी उंबऱ्याबाहेरच घुटमळत राहत, खालच्या अंगाच्या मात्र बऱ्याचशा पोचत. दिराची गोष्ट काही खोटी नव्हती तर.

परीक्षेत सगळं नीट पार पडलं. शेवटी परीक्षकांनी कागद चाळत विचारलं, "अंडी अशी वरखाली मिसळून का ठेवलीत? आम्ही तर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. सोयीचं पडतं."

"सासूबाईंमुळे, सर," ती म्हणाली, आणि तिने डब्यांची गोष्ट सांगितली. खोलीत हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी घाईघाईने सही केली, तिचं अभिनंदन केलं आणि बाहेर जाऊन आपल्या प्रयोगशाळेला फोन लावला.

"हॅलो? जरा आपलं कपाट उघडून बघा. खालच्या कप्प्यात. हो, माझाच. काढा तो आधी!"