दहा दिवसांचे वडील

शाळेच्या फळ्यावर मी वर्षानुवर्षं दिनविशेष लिहिला. कुठं तह झाला, कुठं कुणी जन्मलं, कुठं कुणी गेलं. एकाच तारखेखाली हसू आणि रडू शेजारी-शेजारी लिहायचं आणि खडूचे हात झटकायचे, की झालं काम. सतरा सप्टेंबरला फारसं लिहावं लागायचं नाही. निजामाचं राज्य संपलं, मराठवाडा मोकळा झाला. पोरांना झेंडावंदन आणि हातावर लाडू, एवढं पुरे असायचं.

माझे वडील त्याच दिवशी वारले. शहागंजात कापडाच्या दुकानावर ते कामाला होते, जवळच एका खोलीत बिऱ्हाड. पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात ते मुदतीच्या तापानं पडले. बाजार बंद, वाटा बंद, ओळखीचा हकीम गाव सोडून गेलेला. औषधावाचून संध्याकाळी गेले. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, म्हणून घरात तारीख नव्हे, तिथी पाळायचे. माझा जन्म त्याच गणपतीतल्या चतुर्थीचा. "गणपती आला तव्हा ही आली, गेला तव्हा त्यो गेला," असं आजी सांगायची.

म्हणजे वडील मला दहा दिवस मिळाले. तेवढ्यावर मी मोठी झाले. आईनं त्या दहा दिवसांतलं मला इतकं काही दिलं होतं, की बाप जिवंत असलेल्या मुलींना मी मनातल्या मनात चिडवायचे. तापातही ते मला कुशीत घ्यायचे. मुठीत बोट द्यायचे आणि मी सोडत नाही म्हणून हसायचे. "नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं," म्हणायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "हिला शाळंत घाल," असं त्यांनी आईकडून कबूल करून घेतलं होतं. चौथीनंतर आजोबांनी माझं नाव काढायचं ठरवलं, तेव्हा सासऱ्यापुढं कधी मान वर न करणारी आई दारात उभी राहिली. "त्यांचा शब्द हाय. मोडायचा आसंल तर तुमी मोडा," म्हणाली. गेलेल्या लेकाचा शब्द कोण मोडतो? मी शिकले, मास्तरीण झाले, गारखेड्यात घर बांधलं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी झेंडावंदन उरकून मी शहागंजात खालाकडं गेले. खाला म्हणजे आमच्या जुन्या बिऱ्हाडाची शेजारीण. सुईण येऊ शकली नाही, तेव्हा तिनंच आईचं बाळंतपण केलं होतं. त्या दिवसांत तिच्याही घरची माणसं दारं लावून जीव मुठीत धरून बसली होती, तरी ती मागच्या अंगणातून आली. आता ती फार थकली होती. मी शाळेतला लाडू तिच्या हातावर ठेवला, तर तिनं तो माझ्याच तोंडाशी आणला.

"जनमदिन का मीठा पहले तू खा."

"खाला, माझा वाढदिवस चतुर्थीला. आज तर वडील गेले."

"सुबू तू हुई, शाम को उनो गए," ती म्हणाली आणि लगेच ओढणी तोंडाला लावली. "तौबा! तेरी माँ को जबान दी थी मैं."

मग तिला सांगावंच लागलं. जन्म आणि मरण एका दिवशी म्हटल्यावर सासरचे मला काय म्हणतील, हे आई जाणून होती. पांढऱ्या पायाची, बापाला गिळून आली. वाटा खुल्या होऊन आजी-आजोबा पैठणकडून येईतो माझी नाळ गळून पडली होती. ओली नाळ असती तर आजीनं एका नजरेत ओळखलं असतं. दोघींनी मिळून मला उचलून चतुर्थीला नेऊन ठेवलं.

मला आधी रागच आला. ते बोट, ती मूठ, ते नाक, सगळं आईनं बसून रचलेलं! ती असती तर कडाकडा भांडले असते आणि मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले असते. लेकीचा खरा वाढदिवस ती दरवर्षी एकटीच मुकाट पाळत आली असणार, हे ध्यानात आलं आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

"आणि शाळेचं? ते तरी बोलले होते ना?"

"कब बोलते, बेटा? दो दिन से बेहोश थे. वो तो तेरी माँ की मर्जी थी."

पन्नाशी उलटलेली बाई मी, लहान पोरीसारखी तिचा हात हलवत होते. "मी झाले, हे त्यांना कळलं का? एवढंच सांग."

तिनं खोटं सांगितलं असतं तरी मी आनंदानं घेतलं असतं.

"तेरेकू उनके बाजू में लिटाई मैं. कान में बोली, बेटी हुई बोलके. सुने क्या नई सुने, अल्ला जाने."

वडील म्हणून माझ्याजवळ आता एवढंच आहे, आणि ते मला मरेपर्यंत पुरवायचं आहे.