समुद्राची सर

“झाली बरी. पन समुद्राच्या मासोळीची सर नाई.”

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, तो सत्तरच्या दशकात भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीवर जेवलेलाच नाही असं खुशाल समजा. आमचे स्टोअरबाबू ते तिसऱ्यांदा रस्सा घेतल्यानंतर बोलत. त्याआधी तोंड मोकळं नसे.

मी टाइमकीपर, ते स्टोअरकीपर, आणि आम्ही दोघेही मावशीच्या खानावळीचे गिऱ्हाईक. बुधवारी आणि रविवारी तलावाची मासोळी असायची. मावशी ती राखेने चोळून साफ करायची आणि जवसाच्या तेलात भाजलेल्या कांद्याचा रस्सा करायची. मरळ असली की पाळीवरून सुटलेले लोक अंगावरची काळी धूळ झटकायच्या आत पाटावर बसत.

बाबूंचे साडू सरकारी नोकरीत मालवणला होते. त्यांच्याकडे बाबू जन्मात एकदा जाऊन आले आणि खाणीवर समुद्राचे एकमेव जाणकार होऊन बसले. तिथल्या एका खानावळीत लाट थेट ताटापर्यंत येते, असं ते सांगत. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे ताट वाहून कसं जात नाही हे विचारण्याची सोय नव्हती. सकाळी मासोळी घेऊन येणाऱ्या ढिवरालाही ते ताजेपणावर व्याख्यान देत. तो बिचारा टोपली डोक्यावर ठेवूनच ऐके. मासोळी टोपलीत अजून उड्या मारत असे.

मावशी वाढताना आम्हाला कधी काही विचारत नसे. आम्ही चांगली झाली म्हणालो तरी ते ती कानाआड करी. तिला बाबूंकडून ऐकायचं होतं, कारण समुद्र पाहिलेलं तोंड तेवढं एकच होतं. पदराला हात पुसत ती त्यांच्यासमोर उभी राही आणि विचारी, “बाबू, आज कशी झाली?” मग वरचं वाक्य यायचं. बाबूंच्या ताटात काटे असे चाटूनपुसून पडलेले असत की खानावळीतलं मांजर त्यांच्याकडे फिरकत नसे. तरी सर नाही ती नाहीच.

एकदा त्यांनीच सांगितलं की तिकडे नारळ घालतात. मावशीने तुमसरहून नारळ आणवला. बाबूंनी मन लावून खाल्लं आणि नारळ जुना होता असा निकाल दिला. त्या दिवशी मला त्यांच्या पाटाखाली मुंग्या सोडाव्याशा वाटल्या.

पुढे बाबू निवृत्त झाले. निरोपाचं जेवण मावशीने स्वतःच्या हौसेने केलं. ढिवराला आदल्या दिवशी सांगून मोठी मरळ आणवली आणि पहाटेपासून चुलीपुढे बसली. बाबू जेवले, पुन्हा जेवले, हात धुतले. मावशीने शेवटचं विचारलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो; आज तरी माणूस खोटं का होईना गोड बोलेल असं वाटत होतं. बाबूंनी सुपारी तोंडात टाकली आणि तेच वाक्य बोलून करडीला, आपल्या गावी निघून गेले.

“उद्यापासून मासोळी बंद,” मावशी म्हणाली. “आलू खा.”

आणि तिने ते खरं केलं. बाबूंच्या जिभेची शिक्षा आम्ही भोगत राहिलो. पुढच्या धानकापणीच्या दिवसांत करडीहून निरोप आला की बाबू गेले. मावशी ऐकून आत गेली. त्या दिवशीही आलूच होते.

त्याच थंडीत मला एका लग्नासाठी मालवणला जायचा योग आला. बाबूंची ती खानावळ मी मुद्दाम शोधून काढली. ती एसटी स्टँडच्या मागे होती आणि ताटापासून समुद्र दिसतसुद्धा नव्हता. भंडाऱ्याचा आहे म्हटल्यावर मालक हसायलाच लागला. तुमच्याकडचा एक गृहस्थ पूर्वी आला होता, म्हणाला, त्याने आमचा जीव नकोसा केला. सुरमई वाढली, बांगडा वाढला, हा आपला तीन-तीनदा घ्यायचा आणि वर म्हणायचा की झाली बरी, पण आमच्या खाणीवरच्या मावशीच्या मरळीची सर नाही. मालकाची बायको शेवटी रडकुंडीला आली होती.

परतल्यावर मी सगळ्यात आधी खानावळीत गेलो आणि मावशीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती आलू चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

“एवढं बोलाले त्याले समुद्रावर काहून जा लागलं?” ती म्हणाली. “मी त इथंच होती.”

मला बाबूंचा इतका राग आला की ते असते तर मी त्यांना करडीहून ओढत आणलं असतं.

बुधवारी मासोळी होती. मावशीने सगळ्यांना वाढलं आणि आत जाऊन बसली. कशी झाली हे तिने कोणालाच विचारलं नाही.