तळ्याकाठचं दीपगृह

डमडमला आमच्या इमारतीमागे एक तळं आहे आणि त्याच्या काठावर विटांचं एक जुनं, बुटकं दीपगृह. त्यातला दिवा केव्हाच विझलाय. त्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी गळ टाकून बसायचे. मासा लागला की त्याच्याशी दोन शब्द बोलून त्याला परत पाण्यात सोडायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

तळ्याला दीपगृह कशाला, एवढं मात्र एकदा विचारलं. धुक्याकडे बघत ते म्हणाले, "तेव्हा पाणी फार लांबवर होतं, दीदी. माझे वडील भाजीची होडी घेऊन अंधारात या उजेडाच्या रोखाने यायचे. तुमची इमारत आहे ना, तिथूनच."

तेव्हापासून स्वयंपाकघरात उभी असले की फरशीखालून होडी सरकतेय असं वाटतं.

कार्तिकात ते दीपगृहाला बांबू बांधून वर दिवा चढवायचे. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून बंगाली लोक असा आकाशप्रदीप लावतात. यंदा आमच्या चौथ्या मजल्यावरचा दिवाळीचा आकाशकंदील पाहून त्यांनी हलकेच विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

आमच्याकडे तो नुसता सणाचा असतो, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आई."

"बरं केलंत. उंचावर आहे, लांबून दिसेल."

तुळशीचं लग्न होऊन गेलं. नवऱ्याने कंदील उतरवायला स्टूल आणलं. मी म्हटलं, राहू दे. आईने आमचं हे घर पाहिलेलं नव्हतं.