कोंबडी गॅसवर, मी प्रार्थनेत

नम्रता या विषयावर अख्ख्या कामतघर वस्तीत माझ्याइतकं चांगलं कोणी बोलत नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगत असे.

त्या शनिवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुपारी जेवायला आले होते. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतला संदेश मंडळीतल्या कोणीतरी द्यायचा होता, विषय ‘देवापुढे लेकरासारखं व्हा’. तो मान मला हवा होता, म्हणून जेवणाआधीची प्रार्थना मी स्वतःकडे ओढून घेतली. (काल्हेरच्या गोदामात मी सुपरवायझर. ट्रकवाल्यांवर ओरडून कमावलेला आवाज प्रभूच्या कामी यावा, एवढाच हेतू!)

“दोन मिनिटांत आटपा हं,” माझी बायको सुवार्ता म्हणाली. “कोंबडी गॅसवर आहे.”

“प्रार्थनेला घड्याळ लावायचं नसतं! आणि आमेन होईपर्यंत कोणी उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत.”

हा टोमणा तिलाच होता. मागच्या आठवड्यात ती माझ्या प्रार्थनेतून कुकर बंद करायला उठली, तेव्हा मी तिला पाहुण्यांसमोर बोललो होतो. आज तिने मुकाट्याने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या आईशेजारी घट्ट मांडी घातली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

“हे सर्वसमर्था, आम्ही धुळीचे कण...” मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. नोहाच्या तारवापर्यंत पोचलो तेव्हा जळका वास आला. शेजाऱ्यांचं काही करपलं असेल, म्हणून मी शेजाऱ्यांसाठीही प्रार्थना केली! मग सुवार्ता खोकली, पाळकसाहेब खोकले. पाठोपाठ नाकं ओढल्याचे आवाज. मी एक डोळा किलकिला केला (नियम इतरांसाठी होता), तर पाळकसाहेबांच्या गालांवरून घळाघळा पाणी! माझ्या शब्दांनी खुद्द पाळक रडले! खोलीत थोडं धुकं दिसलं खरं, पण माझेही डोळे भरून आले होते. मी दुप्पट जोमाने इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढायला घेतलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“भाभी! क्या जल रहेला है?” समोरच्या खोलीतले रईसभाई. पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून आत्ताच आलेले. ते थेट स्वयंपाकघरात घुसले, गॅस बंद केला आणि पातेलं बाहेर घेऊन आले. आत कोळसे.

“अगं, तू उठली का नाहीस?” मी ओरडलो.

“आमेन कुठे झालं होतं?”

पाळकसाहेबांनी रुमालाने डोळे पुसले. त्यांच्या पोटातला आवाज सगळ्यांनी ऐकला. घरात दुसरं काही शिजलेलं नव्हतं आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, एक शब्द सुचेना.

“सरक रं लेकरा,” आई म्हणाली. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत, नुसतं वर पाहिलं. “देवा, पोरानं जेवान जाललं. आमाला भूक लागली हाय. तूच बघ काय तां. आमेन.”

“अम्मा,” दारातून रईसभाई म्हणाले, “दाल-चावल बना है. अभी लाता हूँ.”

आईचं आमेन आणि देवाचं उत्तर यांच्यामध्ये मला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता! ती डाळ मी मान खाली घालून खाल्ली. लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. आईने पहिला भात माझ्याच ताटात वाढला. लायकी कोणी विचारली नाही.

निघताना पाळकसाहेब म्हणाले, “उद्याचा संदेश आई देतील.”

“आणि मी?”

“तुम्ही लहान मुलांच्या वर्गात या.”

मी खुलून विचारलं, “काय शिकवू?”

“शिकवायचं नाही. बसायचं.”

गेलो. बाईंनी विचारलं, “आज प्रार्थना कोण करणार?”

पहिला हात माझाच वर गेला!