साक्षीदाराची सही

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी कोल्हापुरात आलो आणि तेवढ्यात तिकडे अमेरिकेत निवडणूक लागली. तिथला नागरिक झाल्यानंतरची माझी पहिलीच. ते नागरिकत्व मला तीन वर्षांपूर्वी मिळालं होतं: न्यायाधीशांसमोर शपथ, पडद्यावर राष्ट्राध्यक्षांचं भाषण आणि हातात वीतभर झेंडा. शाल-श्रीफळ तेवढं नव्हतं. ही बातमी वडिलांना सांगायची राहून गेली होती. खरं म्हणजे राहून गेली नव्हती, मी ती दडवली होती.

वडील शाळामास्तर. नोकरीभर प्रत्येक निवडणुकीला वळकटी घेऊन ड्युटीवर गेले, अगदी चंदगडच्या टोकापर्यंत. निवृत्तीनंतर त्यांनी एकच मतदार सांभाळला, तो म्हणजे मी. यादी तपासायला अंगणवाडीच्या बाई यायच्या आणि माझं नाव कमी करू का, असं दर वेळी विचारायच्या. “पोरगा कामाला गेलाय, मेला न्हाय,” असं सांगून वडील त्यांना चहा पाजायचे. नाव यादीत आहे म्हणजे पोरगा परत येणार, असा त्यांचा हिशेब.

मतपत्रिका ईमेलनं आली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली तेव्हा कळलं, सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर साक्षीदाराची सही लागते. साक्षीदार कुठल्या देशाचा असावा, अशी अट नव्हती. शेजारी इचलकरंजीला लेकीकडे गेलेले. निवडणुकीच्या कागदाला साक्षीदार हवा, एवढंच मी घरात बोललो. वडील खुर्चीतूनच म्हणाले, “आण हिकडं. जन्मभर हेच केलंय की.”

मला वाटलं, नुसती सही करतील. न वाचता ज्यांनी कधी रेशनच्या कागदावरही सही केली नाही, त्यांच्याबद्दल हे वाटणं म्हणजे कमालच. भिंग घेऊन, ओळीखाली बोट सरकवत त्यांनी सगळं वाचलं. ‘मी या देशाचा नागरिक आहे’ या ओळीवर बोट थांबलं.

“कवा घेतलंस?”

“तीन वर्षं झाली.”

“म्हंजे आई होती तवा.”

मी मान हलवली. आईलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. खुर्ची भिंतीकडे फिरवून दे, एवढं म्हणाले. मत गुप्त असतं. त्यांच्या पाठीमागे बसून मी, ज्यांची तोंडंही नीट आठवत नव्हती अशा माणसांच्या नावांपुढचे गोल काळे केले. मग त्यांनी वळणदार अक्षरात पूर्ण नाव, पत्ता, तारीख घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणवाडीच्या बाईंना बोलावून नाव कमी करायचा अर्ज मागितला. कारणांमध्ये ‘स्थलांतर’ होतं, तेवढ्यावर भागलं असतं. त्यांनी ‘भारताचा नागरिक नाही’ यापुढे खूण केली.

“सर, राहू दे की,” बाई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“मला ठावं झालं न्हवं आता.”

बाईंनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, समजूत घालत म्हणाल्या, “असू दे. परत आले की नवा फॉर्म भरू.”

वडिलांना सगळे नियम तोंडपाठ. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“व्हय,” ते म्हणाले, “भरू की.”