दिवस मावळण्याआधी

त्या उन्हाळ्यात मी मामाच्या उसाला पाणी पाजत होते. ज्याच्याशी लग्न करायचे होते, त्याच्या शिरोळच्या जैन घरून जेवायचे पहिले बोलावणे आले. त्याच्या आईची पसंती मिळवायची म्हणून पाचटाने चरचरणारे हात दुधाने पुसत, मोगरा माळत मी इतकी रमले, की पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि त्यांची चूलही निजली होती.

"पावणं, आमच्यात दिवस बुडाल्यावर जेवत न्हाईत की!" त्याची आई म्हणाली.

उत्तर माझ्या पोटानेच दिले, तेही खणखणीत. सारे घर हसले.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच, चिखलाच्या पायांनी, थेट बांधावरून गेले.

"पाय धू आणि बस ताटावर," त्या म्हणाल्या. "आज शोभतीस बघ आमच्या घरात."